सतराच्या पाढ्यावर थांबलेली अंघोळ

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, बाथरूममध्ये हे नवं पांढरं पिंप कसलं टांगलंय? जुना गिझर कुठे गेला?" मी म्हटलं, "जुना झाला, काढला." ते खोटं होतं. जेमतेम दीड वर्ष झालं होतं त्याला. नाताळच्या सुट्टीत तुम्ही इथे येऊन त्याच बाथरूममध्ये अंघोळ करणार, तेव्हा खरं काय झालं ते लिहून ठेवते.

आपल्या पूनम सागर वसाहतीतल्या घरात आधी गॅसवरचा गिझर होता. बाथरूमच्या भिंतीवर एक चौकोनी डबा आणि खाली कोपऱ्यात सिलिंडर. नळ सोडला की आत ठिणगी पडायची, निळी ज्योत पेटायची आणि कढत पाणी पडायचं, हवं तितका वेळ. ही निवड आजोबांची. त्यांना विजेच्या गिझरची भीती. तरुणपणी बादलीत टाकायच्या रॉडचा झटका बसला होता, तो ते अजून सांगतात. शिवाय लाईट गेली की इलेक्ट्रिकवाले गार पाण्याने अंघोळ करतात, हा मुद्दा होताच.

गिझर आला तेव्हा त्याच्याबरोबरची इंग्रजी पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. 'हवा खेळती राहील अशाच जागी वापरावा, खिडकी कधीही बंद करू नये' या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली, पुस्तिका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घातली, फाईलवर चिठ्ठी डकवली आणि कपाटात उभी ठेवली. काम नीट झाल्याचं समाधान वाटलं.

पुढे कबुतरं आली. आपल्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या पाइपांच्या अरुंद पोकळीत उघडते, त्यात काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या. दोन पट्ट्या निसटल्या आणि एका जोडीने तिथे काड्या आणायला सुरुवात केली. टॉवेलवर पिसं, साबणावर घाण. एका दुपारी मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा मापाने कापला, वर जाड प्लॅस्टिक लावलं, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली. एक सुरकुती नव्हती. आजोबांना मी बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "वा, आता वारंही लागणार नाही." पेन्सिलने रेघ मारलेली ओळ कपाटात होती. मला ती आठवलीसुद्धा नाही.

आजोबा अंघोळ करताना पाढे म्हणतात, हे तुम्ही ऐकलं आहेच. रत्नागिरीला त्यांचे वडील हौदावर उभं करून म्हणून घ्यायचे, ती सवय. अकरापासून सुरू, तिसापर्यंत गेले की अंघोळ संपली. इतक्या वर्षांत ते कधी अडखळले नाहीत. मला घड्याळ बघावं लागत नाही. पंचविसाचा पाढा आला की मी चहा ठेवते.

जानेवारीतली थंडीची सकाळ होती. मी दारात बसून बोंबील निवडत होते. समोर आपली मासेवाली, जुन्या भाईंदरची, टोपली उतरवून बसली होती. ती कशी बोलते ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, "हे कालचे दिसतात गं." ती म्हणाली, "काकी, कालचे असते तर तुमच्याकडं आणले असते का? तुम्ही तर माशाला जन्मतारीख विचारता!"

मी हसले, आणि हसतानाच आतलं ऐकू आलं. "सतरा त्रिक एक्कावन्न." मग परत, "सतरा त्रिक एक्कावन्न." आवाज जड, जीभ ओढल्यासारखा. तिसऱ्यांदा "सतरा त्रिक" आणि पुढे काही नाही. फक्त पाण्याचा आवाज.

मी बाथरूमपाशी गेले. "अहो, काय झालं?" उत्तर नाही. आतून कडी. मी दार ठोठावत राहिले. मासेवाली मागे येऊन उभी राहिली. "काका बोलत न्हाय का?" मी मान हलवली. तिने मला एका हाताने बाजूला केलं, पदर खोचला आणि त्या प्लॅस्टिकच्या दाराला खांदा दिला. दुसऱ्या धक्क्याला कडी निघून आली.

आजोबा भिंतीला टेकून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. वर ज्योत जळतच होती. तिने काखेत हात घालून त्यांना थेट बाहेरच्या खोलीत ओढलं. मी नळ आणि सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. "काकी, टॉवेल टाका त्यांच्या अंगावर," ती म्हणाली, "मी काय बघत न्हाय." आणि खरोखरच पाठ फिरवून उभी राहिली. त्याही वेळी मला हसू आलं.

दोन-चार मिनिटांत आजोबांनी डोळे उघडले. रिक्षाने आम्ही जवळच्या नर्सिंग होममध्ये गेलो, मासेवाली टोपली आपल्या दारात टाकून बरोबर आली. त्यांना प्राणवायू लावला. डॉक्टरांनी समजावलं की बंद जागेत गॅस जळत राहिला की विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास, माणसाला कळायच्या आत गुंगी येते. "आणखी दहा मिनिटं गेली असती तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो," ते म्हणाले. "खिडकी नव्हती का?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तोंडावरचा मास्क बाजूला करून आजोबा म्हणाले, "मीच बंद करून घेतली होती. कबुतरांचा त्रास."

मी ते तसंच राहू दिलं. तुमच्या बाबांनाही फोनवर 'चक्कर आली' एवढंच सांगितलं. खिडकी मी बंद केली होती. आजोबांनी मला ती बंद करायला कधी सांगितलं नव्हतं. हे तुम्हाला माहीत असावं.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे तो पुठ्ठा काढला. मग नव्या गिझरचा विचार. आजोबा तेव्हाही म्हणाले, "गॅसचाच ठेवू. खिडकी उघडी ठेवली की झालं." मी म्हटलं, "आणि कबुतरं?" त्यावर ते म्हणाले, "त्यांनाही पाढे शिकवतो."

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो हिंदीत बोलत होता, मी तुमच्यासाठी मराठीत लिहिते. तो म्हणाला, "गॅसवाला वाईट नाही आंटी, पण तो बाहेर मोकळ्या बाल्कनीत लावायचा आणि आत फक्त पाइप आणायचा. बाल्कनी आहे?" आपल्याला बाल्कनी म्हणजे वॉशिंग मशीनपुरती जागा, तीही काचेने बंद केलेली. प्रश्न तिथेच मिटला. त्याने विजेच्या गिझरसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, झटका बसायच्या आत वीज तोडणारा स्विच बसवला. आजोबा स्टूल घेऊन समोर बसले होते. "अर्थिंग तपासलंस?" त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अंकल, पहिल्या दिवशी मीच अंघोळ करून दाखवू का?"

खिडकीला आता जाळी आहे, पुठ्ठा नाही. दाराला कडी नाही, फक्त चुंबक आहे. तुम्ही आलात की टॉवेल दाराबाहेर टांगायचा, म्हणजे आत कोणी आहे हे कळतं. आणि पाणी तापलं की बटण बंद करूनच आत जायचं.

मासेवाली आली की आजोबा अजून आतल्या खोलीत जाऊन बसतात. ती मुद्दाम मोठ्याने विचारते, "काका हाय का घरात?" गेल्या रविवारी मात्र ते बाहेर आले, दोन्ही हात जोडून उभे राहिले. तिने एक पापलेट जास्त टाकलं आणि म्हणाली, "आता रोज ऐकवा पाढे, मला पोरीला शिकवायचे हायत."

नव्या गिझरचं पाणी मर्यादित. ते साधारण एकविसाच्या पाढ्यापाशी संपतं आणि आजोबा आतून ओरडतात, "गार झालं गं!" रोज. बाविसापासून पुढचे पाढे ते टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन, कुडकुडत, माझ्याकडे रागाने बघत म्हणतात. मी चहा आता एकविसालाच ठेवते.