यादीत लिहिलेली भीती

चांथूताई गेली त्या सकाळी मी माझ्या स्वयंपाकघरात डबा भरत होते. तिच्या दारापासून माझं दार अकरा पावलांवर, सिंगापुरात क्लेमेंटीतल्या एकाच इमारतीच्या नवव्या मजल्यावर, समोरासमोर. साडेआठच्या सुमारास लानने दार वाजवलं. लान म्हणजे आमच्याकडे भाड्याने राहणारी मुलगी, इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते. किल्ली असूनही ती आत आली नाही. बाहेरूनच म्हणाली, "आंटी, या. आता या." त्या 'आता'वरूनच मला कळलं. कारण आधीचे बारा दिवस मला त्या घरात जायची परवानगी नव्हती. चांथूताईनेच सांगितलं होतं, तू येऊ नकोस. चौदा वर्षांपासूनची मैत्रीण, आणि तिच्या आजारपणातले शेवटचे दिवस मी बंद दाराकडे बघत काढले. याला सहा आठवडे झाले. चूक माझी होती, आणि ती नीट क्रमाने सांगितल्याशिवाय माझं दुसऱ्या कशात लक्ष लागणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

चांथूताई कंबोडियाची, ख्मेर वंशाची. गाव पूर्वेला, व्हिएतनामच्या सीमेलगत, स्वाय रिएंग प्रांतात. इथे विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम तिने आयुष्यभर केलं, लग्न केलं नाही. आमची ओळख शनिवारच्या बाजारात झाली. मी एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रं तपासण्याचं काम करते. यादीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. त्या दिवशी माझ्या खांद्यावरून वाकून कोणीतरी इंग्रजीत म्हणालं, "यादीत वांगी आहेत, पण आजची वांगी किडकी आहेत. आता काय करशील?" मी गडबडले. ती खदखदून हसली आणि तिने माझ्या पिशवीत दोडके टाकले. नंतर कधीतरी मी तिला ताई म्हणू लागले. अर्थ समजावून सांगितल्यावर तिने विचारलं, "म्हणजे रागवायचा हक्क त्यात येतो ना? मग चालेल."

बाजारात तिची एक सवय होती. कुठलंही पाकीट उलटं करून माल कुठला ते बारीक अक्षरात वाचायचं. व्हिएतनाम दिसलं की पाकीट जागेवर परत. तांदळाचं पोतं दाखवून म्हणायची, "हा भात आमच्या शेतातला असेल. ओला असतानाच ट्रकमधून सीमेपलीकडे जातो, तिथे गिरणीत कांडतात, पिशवीत भरतात, आणि मग तो त्यांचा होतो." मिरी, लाकूड, रबर, सगळ्याचं ती असंच सांगायची. मी एका हाताने पिशवी धरून ऐकायचे, दुसऱ्या हाताने यादीवर खुणा करायचे.

आपल्याकडचे लोक सिंगापूरहून तीन दिवसांत कंबोडियातलं अंकोर वाट बघून येतात. मीही गेले होते. परत येऊन देवळांचे फोटो दाखवू लागले तर ती म्हणाली, "दगड पाहिलेस. आता जमिनीचं ऐक." मेकाँग नदीचं मुखाकडचं सगळं खोरं एकेकाळी ख्मेर राजांचं होतं, तिथे अजून ख्मेर लोक राहतात, पण देश आता व्हिएतनाम. हे तिच्याकडे घराघरात सांगतात, आपल्या वडिलांची गेलेली जमीन सांगावी तसं. सत्तरच्या दशकातल्या ख्मेर रूजच्या कम्युनिस्ट राजवटीत तिचे वडील आणि दोन भाऊ गेले. ती राजवट हटवली व्हिएतनामच्या सैन्याने. "ते आले नसते तर मी आज तुझ्यासमोर नसते," ती म्हणायची. "पण ते आले आणि दहा वर्षं राहिले. आमचे मंत्री त्यांना विचारून बोलायचे. आम्हाला शाळेत त्यांची भाषा शिकवली. जीव वाचवणाऱ्याला घरातून जा कसं म्हणायचं, सांग बरं?" सैन्य गेलं त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली, तरी तिचं म्हणणं होतं की पूर्वी बंदुका होत्या, आता जमिनीचे भाडेकरार आहेत.

एकदा माझ्याकडे मी चहा टाकत असताना तिने लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगितली. जुन्या काळी कालवा खणायला नेलेल्या ख्मेर मजुरांपैकी तिघांना व्हिएतनामी मुकादमांनी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं, त्यांची डोकी चुलीच्या तीन दगडांसारखी मांडली, त्यावर चहाचं आधण ठेवलं, आणि चहा सांडू नका म्हणून बजावलं. खरं-खोटं कोणाला ठाऊक... पण तिची आजी हे पोरांना जेवताना सांगायची. मी गॅस बंद केला. "अगं, कर ना चहा," ती म्हणाली, "तुझी शेगडी आहे ती."

हे सगळं ऐकून मी मनाशी एक निष्कर्ष काढला, की तिला व्हिएतनामी माणूसच नको. तो अगदीच निराधार होता असं नाही. त्या लोकांसाठी ख्मेरमध्ये एक शब्द आहे, तो ती वापरायची आणि तो बरा नाही हे तिच्या आवाजावरून कळायचं. आमच्याजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्टॉलवाल्या खाऊबाजारात, व्हिएतनामी सूपचा स्टॉल निघाला तेव्हा ती त्या रांगेतल्या टेबलांवर बसेना. आम्ही चहा घ्यायला लांबच्या टोकाला जायचो.

गेल्या वर्षाअखेरीस तिच्या यकृताच्या कॅन्सरचं निदान झालं. उपचारांना उशीर झाला होता. तिला घरीच राहायचं होतं, आणि तिचं इथे कोणी नव्हतं. धाकटा भाऊ रिथ गावाला. मी कामाला लागले. नर्स कोणत्या दिवशी येणार, औषधं किती वाजता, जेवण कोणाचं, रात्री कोण, याचा तक्ता केला. फक्त सकाळचे दोन तास कोणालाच जमत नव्हते. माझी आणि नवऱ्याची ऑफिसची घाई, मदतीला येणाऱ्या शेजारणी शाळेत शिकवणाऱ्या. सकाळी मोकळी होती एकटी लान. कामाला चोख, हात हलका, घरी आजीची सेवा केलेली. आणि लान व्हिएतनामची.

मी तोडगा काढला. लानला म्हटलं, "तुझ्या नावावरून त्यांना देश कळेल, म्हणून तक्त्यात मी लिंडा लिहिते. कुठली विचारलं तर विद्यापीठातली म्हण. देशाचं नाव काढू नकोस." लानने विचारलं, "का आंटी?" मी थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "ओके." मी तेवढ्यावर पुढच्या कामाकडे वळले. मदतीला येणाऱ्यांसाठी सूचनांचा कागद केला आणि तिच्या फ्रिजवर चिकटवला. त्यात ओळी अशा होत्या: कोळंबी नको. दूध नको. पेज पातळ. व्हिएतनामचा विषय नको.

तीन दिवस नीट गेले. चांथूताई मला म्हणालीसुद्धा, "तुझी लिंडा चांगली आहे. कमी बोलते." चौथ्या सकाळी लान तिला पलंगावरून खुर्चीत बसवत होती. उचलताना जोर एकाच वेळी लागावा म्हणून आपण मोजतो ना, तसं लानने मोजलं. आणि मोजताना माणूस आपल्याच भाषेत मोजतो. "मोत, हाय, बा..." खुर्चीत टेकल्यावर चांथूताई म्हणाली, "बोन." बोन म्हणजे चार. शाळेत शिकवलेली ती भाषा तिने इतक्या वर्षांत तोंडातून काढली नव्हती. लानला रडू फुटलं आणि तिने सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी मी गेले तेव्हा फ्रिजवरचा कागद चांथूताईच्या मांडीवर होता.

"लिंडा?" ती म्हणाली. "तू या मुलीचं नाव पुसलंस?"

"ताई, तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"कोळंबी, दूध, आणि व्हिएतनाम. माझ्या पोटाला काय सोसत नाही त्याची यादी आहे का ही?"

"तूच तर त्या स्टॉलजवळ बसायची नाहीस."

"नाही बसायची. ते माझं आहे, मी बघेन. मी सैन्याबद्दल बोलत होते, जमिनीबद्दल, आमच्या लोकांनी केलेल्या सह्यांबद्दल. इतकी वर्षं पिशवी धरून ऐकलंस आणि त्यातून एवढंच घेतलंस, की ही म्हातारी एका पोरीला घाबरेल?" मग ती थोडी थांबली, दम लागला होता. "उद्यापासून तू येऊ नकोस. लान येईल. तिच्या नावाने येईल."

मला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. रोज सकाळी लान जाऊन यायची तेव्हा मी ऑफिसला निघता निघता थांबून विचारायचे. काय खाल्लं, दुखणं किती, झोप लागली का. लान सगळं सांगायची. शेवटी मी विचारायचे, "माझ्याबद्दल काही?" "नाही आंटी." तिने एकदाही माझं मन राखायला म्हणून काही सांगितलं नाही. मी तिला एकदा खोटं वागायला लावलं होतं, दुसऱ्यांदा ती तयार नव्हती. सातव्या दिवशी मी पेजेचा डबा घेऊन दाराशी गेले. एका शेजारणीने दार अर्धंच उघडलं, डबा घेतला आणि हळूच म्हणाली, "राहू दे गं. ती नाही म्हणून मान हलवतेय." आतून खोकल्याचा आवाज आला... तेवढंच.

त्या बारा दिवसांत आत काय चाललं होतं ते मला नंतर लानकडून कळलं. सीमेजवळची त्यांची जमीन चांथूताई आणि रिथ दोघांच्या नावावर होती. पलीकडच्या एका कंपनीला ती कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, लागवडीसाठी लांबच्या मुदतीवर द्यायचं रिथने ठरवलं होतं आणि सहीसाठी कागद पाठवले होते. करार दोन भाषांत होता, डावीकडे ख्मेर, उजवीकडे व्हिएतनामी. चांथूताईची खात्री होती की उजवीकडे काहीतरी वेगळं लिहिलेलं असणार. चार सकाळी त्या दोघी बसल्या. लान व्हिएतनामी ओळ वाचून तिचा अर्थ इंग्रजीत सांगायची, चांथूताई भिंग घेऊन ख्मेर ओळीवर बोट ठेवायची, आणि जुळली की लान पेन्सिलने खूण करायची. ओळीला ओळ लावून कागद जुळवणं हेच माझं वीस वर्षांचं काम. त्या वेळी मी समोरच्या घरात फुलके लाटत होते.

शेवटच्या पानापर्यंत सगळं जुळलं. कुठेही फसवणूक नव्हती. लान सांगते, चांथूताईने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "चोर सापडला असता तर बरं झालं असतं, लान. चोराला हाकलता येतं. इथे तर सगळे सरळ आहेत. रिथला द्यायचंय, यांना हवंय." सही तिने केली नाही. कागद कपाटात ठेवायला लावले. "त्याला सांग, थोडं थांब म्हणावं. मी गेले की माझी सही लागणार नाही."

आणि मग ती सकाळ. मी आत गेले तेव्हा चांथूताईचा चेहरा खिडकीकडे होता, लानने तिचे हात नीट ठेवले होते. मी तिच्या कपाळाला हात लावला. अजून ऊब होती. मला काही म्हणायचं होतं, ते मराठीत म्हणावं की इंग्रजीत हे ठरेना. वळून यादी केली. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, अंत्यविधी करणारे, भिक्खूंना निरोप, रिथचं विमान... दुपारी दोनपर्यंत बहुतेक कामं झाली होती. त्या दिवशी सगळ्यांनी मला सांगितलं, तू होतीस म्हणून निभावलं.

रिथ दुसऱ्या दिवशी आला. बारीक, उन्हाने रापलेला, मोठ्या मापाचा शर्ट घातलेला. सातव्या दिवसाचे विधी तिच्याच खोलीत झाले. भिक्खू गेल्यावर आम्ही तिघेच उरलो. पलंग हलवला होता, गादी नेली होती, फरशीवर पलंगाच्या पायांचे चार फिकट ठसे दिसत होते. रिथ भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने कागदांबद्दल विचारलं. लानने कपाटातून ते काढून दिले. तो एकेक पान उलटत गेला. पेन्सिलच्या खुणा बघून थांबला.

"हे कोणी वाचलं?" त्याचं इंग्रजी तोकडं होतं, पण प्रश्न स्पष्ट होता.

"मी," लान म्हणाली.

"तू कुठली?"

लानने माझ्याकडे पाहिलं. मी तिला दिलेली सूचना कधी मागेच घेतली नव्हती. ती माझ्या परवानगीची वाट बघत होती, तेही ज्या घरात तिला तिच्या नावाने बोलावलं गेलं होतं, त्याच घरात.

"ही लान," मी म्हटलं. "व्हिएतनामची. शेवटपर्यंत ताईजवळ हीच होती."

रिथने तिच्याकडे पाहिलं. मग कागदांकडे बोट करून म्हणाला, "माझे दोन्ही मुलगे थायलंडला, बांधकामावर. नांगर कोण धरणार? हे लोक दरवर्षी पैसे देतात." हे तो आम्हाला सांगत होता की गेलेल्या बहिणीला, कळेना. "ती काय म्हणाली, वाचून?"

"म्हणाल्या, यात कोणी चोर नाही."

त्याने डोळे मिटले. हात जोडले, कपाळापर्यंत नेले, आणि लानपुढे वाकला. लानही गोंधळून तशीच वाकली. मी उभी होते, हातात कचऱ्याच्या पिशव्यांची गुंडाळी. मग रिथने मान वर केली, आठवडाभर मला नुसती धावपळ करताना पाहून, मी त्याच्या बहिणीची कोण ते त्याला आता विचारायचं सुचलं असावं.

"आणि तुम्ही? तिच्या कोण?"

मी म्हटलं, "शेजारीण."