बाटलीत वाढत गेलेली रम

बाटलीतली रम कमी झाली असती तर मी चोर सहज पकडला असता. पण ती वाढली होती.

दिवाळीत पुण्याच्या साडूभाऊंनी अननसाचा रस, नारळाचं दूध आणि रम घुसळून मला पिना कोलाडा पाजला होता. वर म्हणाले, "तुमच्या वसमतला हे जमायचं नाही." मी तिथंच छाती काढली, "हळद काढायच्या दिवसांत या, आमच्या घरी पाजतो!" झालं, आता इज्जतीचा सवाल.

रम आणली, सरावाला एक ग्लास करून पाहिला, आणि बाटलीवर पेनानं रेघ मारली. घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबा पक्के माळकरी. त्यांना बाटली दिसली असती तर राशनकार्डातनं माझं नाव कमी झालं असतं. म्हणून ती ओसरीवर हळकुंडांच्या पोत्यात खुपसली.

तिसऱ्या दिवशी पाहतो, तर रम रेघेच्या बोटभर वर!

"पाणी घातलंस ना?" मी बायकोला कोपऱ्यात गाठलं.

"तुमच्या बाटलीला मी हात लावीन? काहून, डोकं फिरलं का माझं?"

हे ती नको तितक्या शांतपणे म्हणाली. माझा संशय दुप्पट झाला. मग सुचलं, पोत्यात हात घालणाऱ्याचे हात पिवळे होणारच! चहाच्या निमित्तानं दोघांना बसवलं आणि तळवे तपासले. बायकोचे पिवळे. आबांचे पिवळे. माझेही पिवळे. महिनाभर घरात हळद शिजत आणि वाळत होती. दूध घालायला येणाऱ्याचे हातसुद्धा पिवळे होते. वसमतमध्ये हळदीवरून चोर शोधणारा मी पहिलाच असेन.

"काय पाहून राहिला रे?" आबा म्हणाले. "भविष्य सांगतो का?"

पण त्याच वेळी वास आला. आबांकडून, उदबत्तीच्या वासाआडून, ओळखीचा. माझा माळकरी बाप पितो? दोन दिवस मी त्यांच्या चालण्याकडं पाहत होतो. ते लंगडत होते. मला वाटलं, झोकांड्या.

रविवारी दुपारी साडूभाऊ आले. मी अननसाचा रस काढला, नारळ खवून पिळला, बर्फ घातला, पाणी मिसळलेलं असणार म्हणून रम आबांच्या नजरेआड सढळ हातानं ओतली. आबांना बिनरमचा ग्लास दिला. साडूभाऊंनी दोन घोट घेतले आणि डोळे मिटले.

"कडक! चढायला लागली राव."

माझेही कान गरम झाले होते. आम्ही दोघांनी भिंतीला हात टेकले.

"दोन घोटात?" बाजेवरून आबा म्हणाले. त्यांनी धोतर वर करून सुजलेला गुडघा दाखवला. "त्या बाटलीत आता निस्ता कोरा चहा हाय. रम ह्यानं पिली. कंपाउंडर म्हणला, रम चोळा. हळकुंडं उपसताना बाटली घावली. माळकरी माणसानं पोराकडं रम मागावी कशी? तुला कमी पडू न्हाई म्हणून काढली तेवढी चहानं भरत गेलो. नजर अधू, अंदाज चुकला."

आत बायकोच्या हातातलं भांडं पडलं. ती हसत होती.

साडूभाऊंनी भिंतीवरचा हात हळूच काढला. ग्लासाकडं पाहिलं, तो संपवला, आणि माझ्यापुढं धरला.

"जमलंय पण," ते म्हणाले. "अजून एक द्या."

"मला बी त्यातलंच दे," आबा म्हणाले. "आता मला चालतंय."