अक्काची तिसरी बाही

अक्कानं एकदा ब्लाउजला तीन बाह्या लावल्या. गिऱ्हाईक बाई तो उलटसुलट करत बसली, तर अक्का शांतपणे म्हणाली, "राहू द्या. एखादी फाटली तर?"

अक्का म्हणजे माझी आत्या. धुळ्यात ती घरीच शिवणकाम करायची आणि कॉलेजची तीन वर्षं मी तिच्याकडे होते. तिला लुपस होता. आधी सांधे धरले, गालांवर लाल चट्टे आले, मग शब्द हरवायला लागले. कुकरला ती 'शिट्टीवाला' म्हणे. हळूहळू आम्हीही म्हणू लागलो. एकदा मी भांड्यांच्या दुकानात 'शिट्टीवाल्याची रिंग' मागितली, तेव्हा दुकानदारानं मला नीट न्याहाळलं.

गल्लीतले म्हणत, बाहेरचं आहे. तिचे यजमान, नाना, म्हणत, मुद्दाम करते. शेवटी मी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "या आजारात शरीर स्वतःवरच उलटतं. मेंदूवरही परिणाम होतो. हा आळस नाही, वेडही नाही." अक्काचा चेहरा उजळला. सगळं ध्यानात आहे, असं ती तिच्या अहिराणीत ठासून म्हणाली, "बठ्ठं ध्यानमा शे डॉक्टरसाहेब, फक्त येळवर सापडत नही."

दुसऱ्या दिवसापासून नाना तिच्या मशीनशेजारी बसून वहीतली मापं वाचून दाखवू लागले. त्यांचा आवाज खणखणीत. गल्लीतल्या बायकांची मापं चौकापर्यंत ऐकू जाऊ लागली आणि उरलीसुरली गिऱ्हाइकंही पांगली.

पुढे मला इंदूरला नोकरी लागली. अक्का स्टँडवर सोडायला आली. "अक्का, जागा धर, पाणी घेऊन येते," म्हणून मी बसमधून उतरले. परत येते तो बस गेलेली, माझ्या बॅगेसकट आणि अक्कासकट! कंडक्टरनं तिकीट विचारल्यावर तिच्या ध्यानात आलं. त्यानं तिला वाटेतल्या सोनगीरला उतरवून तिच्या मोबाइलवरून मला फोन केला.

मागच्या बसनं मी पोचले. अक्का बॅग मांडीवर घेऊन सावलीत बसली होती.

"अगं, काय केलंस हे?"

"तूच सांगेल व्हतं ना, 'जागा धर'? मंग धरी मी!"

धुळ्याची बस आली. मला सोडायला आलेल्या अक्काला मीच बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला चारदा बजावलं. त्याच वर्षी आजार तिच्या किडनीवर गेला आणि त्यातच ती वारली, त्यामुळे सोनगीरची भेट आमची शेवटची ठरली. त्या दिवशी बस हलली तशी ती खिडकीतून ओरडली,

"घाबरू नको पोरी, मी शे ना!"