अण्णा माझ्याशी बोलत नसत

बेंबळीच्या स्टँडवर अण्णांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि गाडी हलेपर्यंत ते खिडकीखाली उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. बापाला आपण जड झालो होतो, असं मनात धरूनच मी पुण्याला आले.

अण्णा अडखळत बोलत. मीही चौथ्या वर्षापासून तशीच. पण म्हशींशी ते भरभरून बोलत, भजनात त्यांचा आवाज कुठंच अडत नसे, शेजाऱ्यांशीही रेटून बोलत. माझ्यासमोर मात्र गप्प.

पुण्यात डेटा एंट्रीची नोकरी लागली. मीटिंगमध्ये स्वतःचं नाव सांगतानाच अडकायला लागले, तेव्हा स्पीच थेरपिस्टकडं गेले. मॅडम म्हणाल्या, "शब्द तुझ्या मेंदूत तयार असतो. ओठ, जीभ आणि श्वासाला सुरू होण्याचा इशारा तेवढा वेळेवर पोचत नाही. गाताना तालाचा आधार मिळतो, म्हणून तिथं अडत नाही. हे भित्रेपणानं होत नाही, दुसऱ्याचं ऐकूनही लागत नाही. पुष्कळदा घराण्यात असतं."

हे मी फोनवर आईला सांगितलं. तिनं सांगितलं, मी चौथ्या वर्षी अडायला लागले तेव्हा आत्यानं अण्णांना सुनावलं होतं, "बापाचं ऐकून पोरगी तसंच बोलायली." त्या दिवसापासून अण्णांनी माझ्यासमोर तोंड मिटलं.

शनिवारी गावी गेले. अण्णा गोठ्यात होते. मॅडमचं सगळं बोलणं मी अडत अडत त्यांना सांगितलं. रक्तातून आलं असेल अण्णा, पण तुमच्या बोलण्यानं न्हाय, असंही म्हणाले. ते खाली बसले.

"मंग म्या... म्या उ... उगाच गप बसलो व्हय?"

मी त्यांच्याशेजारी बसले.

त्यानंतर ते दर रविवारी फोन करायचे. एकेका वाक्याला मिनिट लागायचं. मी जन्मले तेव्हा हरभऱ्याची काढणी चालू होती, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. असे पाच-सहा रविवार मिळाले. मग ते गेले.

गावाकडच्यांनो, कुणाचं लेकरू अडखळत असेल तर त्याच्याशी बोला. लई बोला.

आई अजून तिथंच आहे. अण्णांशिवाय ते घर मला घर वाटत नाही, आणि पुणंही अजून वाटत नाही. इथं कुणी गाव विचारलं की 'ब'वर माझे ओठ मिटतात, ते उघडतच नाहीत. पूर्वी मी जिल्ह्याचं नाव, 'धाराशिव', सांगून सुटका करून घ्यायचे. आता समोरच्याला थांबायला लावते आणि बेंबळीच म्हणते.