भारेवाली पाचव्या मजल्यावर

माझी मोठी बहीण रिकाम्या डोक्यानं कधी चालली नाही. सरपणाचा भारा, गवताचा भारा, पाण्याचा हंडा, करवंदांची पाटी, काहीतरी असायचंच. मुरबाडच्या बाजारात पाटी विकून झाली आणि न्यायला काही उरलं नाही, तर रस्त्याकडेचा दगड डोक्यावर घेऊन घरी यायची. तिच्या अंगणाची सगळी कड त्या दगडांची आहे. लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा रे. डोक्यावर वजन नसला का माझे पाय वाकडे पडतात." सासरच्या पाड्यानं तिचं नाव भारेवाली ठेवलं, पुढे माहेरचे, शहापूरकडचे आम्हीही तेच म्हणायला लागलो. तोंडावर मात्र मी बाय म्हणायचो.

आमची शाळा ओढ्यापलीकडे होती. पावसाळ्यात डोक्यावर भारा आणि कडेवर मी, अशी ती ओढा उतरायची. दुसरीत मास्तरानं मारलं आणि मी शाळा सोडली. "एवढा उचलला तुला, दोन बुका तरी जास्त शिकाचीस," असं ती म्हातारपणापर्यंत ऐकवायची. मी ऐकलं नाही. माझा स्वभाव तसाच आहे. तेवढ्या शिक्षणावर हे लिहितो आहे, चुकलं तर चुकलं.

भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायची, जुन्या लुगड्याची पिळून केलेली चुंबळ तिच्या कमरेला खोचलेली असायची. नवरा गेल्यावर मुलानं तिला कल्याणला नेलं, तेव्हाही ती तशीच होती. पोचवायला मी गेलो होतो. भाड्याचं घर, पाचवा मजला. "मामा, फुल फर्निश्ड हाय," भाचा म्हणाला. "आपल्याला काय आणाया नको. भाजी, दूध, दवाखाना, सगळा चालत पाच मिनटावर."

मला शिसारी आली. कुणाकुणाचा घाम जिरलेली गादी. कुणाकुणाच्या तोंडात जाऊन आलेले चमचे. सोफ्याच्या फटीत हात गेला तर केसांसकट कुणाचं तरी रबर निघालं. फुलं प्लास्टिकची, त्यांच्यावर बोटभर धूळ, आणि ती फेकायची नाहीत, कारण घरमालकाच्या यादीत लिहिलेली. त्याच कागदावर असंही होतं की भिंतीला खिळा मारायचा नाही. बायनं दाराला बांधायला नव्या भाताची कणसं आणली होती. ती पिशवीतच राहिली. जिथं आपला एक खिळा नाही, त्याला घर म्हणायचं आणि वर भाडं भरायचं. मी त्या गादीवर झोपलो नाही. लादीवर घोंगडी टाकली.

बायला किळस आली नाही. ती सगळीकडे फिरून आली आणि म्हणाली, "इथं आणाया काय ठेवलाच नाय रे. मंग मी करू काय?" सकाळी दुधाला जाऊन आली ती हेलपाटतच. हातात एक पिशवी, डोकं मोकळं. "पाच मिनटात पाय गरम पण होत नाय," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी लिफ्ट बंद पडली. खाली माणसं सामान घेऊन वर बघत उभी. बायनं कमरेची चुंबळ काढली, एका बाईची तांदळाची गोणी डोक्यावर घेतली आणि चढायला लागली. ती बाई मागून धापा टाकत, "मावशी, सावकाश." बाय म्हणाली, "तू ये मागून, तुला पण घेऊ का वर?" मग कुणाचा पाण्याचा जार, कुणाच्या पिशव्या. तिचे पाय अगदी सरळ पडत होते. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या एकानं तिच्यापुढे नोट धरली. नेमका तेव्हाच भाचा कामावरून आला. शरमेनं लाल झाला, पण आईला काही बोलला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

बोललो मी. "बाय, तू हमाल हायस काय? चार लोकांत पोराची लाज काढतेस."

तिनं नोट घेतली नाही. मला म्हणाली, "तुला वाहिला तवा नाय लाज वाटली?" चुंबळीची घडी केली, पिशवीत कणसांपाशी ठेवली आणि सोफ्यावर जाऊन बसली.

नंतर तीनदा गेलो, ती तिथंच. पाय सुजलेले. डॉक्टर म्हणाला चालवा, म्हणून भाचा बिचारा हात धरून पाच मिनिटं फिरवून आणायचा. पुढचं भात कापणीला यायच्या आत ती गेली, त्या सोफ्यावर, बसल्या जागी. त्या सोफ्याची मला अजून घाण वाटते. माझी त्याहून जास्त. भाच्याला मोकळं होता येईल, तो काही बोललाच नव्हता.

गाडीतून पाड्यावर आणली. मुरबाडच्या त्या रस्त्यानं ती पहिल्यांदाच रिकाम्या डोक्यानं आली. तिरडी बांधून झाली तेव्हा मी भाच्याकडून ती कणसांची पिशवी मागून घेतली, चुंबळ काढली आणि तिच्या डोक्याला लावायला वाकलो.

"आता चुंबल कशाला?" पाड्यातला एक जण म्हणाला.

"असू दे," मी म्हणालो. "लांब जायाचाय. रिकाम्या डोक्यानं तिचे पाय वाकडे पडतात."