चारशे मीटरसाठी स्टेपनी

ती गाडी माझ्या हातात आली ती माझ्या चालवण्यामुळे नव्हे, माझ्या वजनामुळे. हे आधीच सांगून टाकते. उगाच मागाहून कुणी म्हणायला नको, बाई स्वतःचीच टिमकी वाजवते आहे.

नव्वदचं दशक सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरात राहायचो. माझा थोरला भाऊ अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होता. दादाने एक जुनी छोटी गाडी घेतली, हजार सीसीची. खऱ्या स्पोर्ट्स कार आम्ही फक्त रद्दीतल्या मासिकांत बघितलेल्या. आमच्यासारख्यांची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. दिसायला एवढीशी, पण दुसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की अशी सुटायची की आपल्यालाच हसू यावं. शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर वर्षातून एकदा ड्रॅग रेस व्हायची. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ चारशे मीटर पळवायच्या, संपलं. वळण नाही, काही नाही. दादाला तिथे अठरा सेकंदांच्या आत यायचं होतं. आदल्या वर्षी तो एकोणीसच्या पुढे अडकला होता आणि बरोबरच्या पोरांनी त्याला 'रिक्षा, रिक्षा' करून चिडवलं होतं. ते त्याच्या फार मनाला लागलं होतं.

मग वर्षभर दर रविवारी आमच्या बिल्डिंगखाली खटाखट सुरू. मदतीला जुन्या नाशकातले एक मिस्त्री यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचांनी इंजिनाचं हेड उतरवलं आणि हवा आत जाते ती भोकं एमरी कागदाने घासून आरशासारखी गुळगुळीत केली. पेट्रोल सुटतं तो कार्बोरेटरचा जेट केसभर मोठा केला. सायलेन्सरच्या जागी दादाने कारखान्यातून स्वतः वाकवून आणलेला पाइप लागला. पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा समोरच्या काकूंच्या हातातली परात खाली पडली. त्यानंतर दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जसं काही मीच पाइप वाकवला होता!

इंजिनाचं होईल तेवढं झाल्यावर चाचा म्हणाले, "आता वजन काढायचं." मागची सीट गेली, पुढची डावी सीट गेली, गालिचे गेले. आवाज येऊ नये म्हणून तळाला चिकटवलेले डांबरी पत्रे असतात, ते दादाने छिन्नीने एकेक करून उकरले. शेवटी स्टेपनी आणि जॅकही निघाले.

इथे आमच्या वडिलांचं सांगायला हवं. आबा मूळचे सायखेड्याचे. तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर, बहुतेक वणीच्या घाटात. गाडी कुठलीही असो, निघण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, चारी टायरांवर हात ठेवायचा आणि मग स्टेपनीवर. हे झाल्याशिवाय ते आम्हाला घेऊन साध्या लग्नालाही निघायचे नाहीत. दादा एकेक वस्तू काढून टाकायचा आणि आबा ती पुसून गॅलरीत नेऊन ठेवायचे. स्टेपनी निघाली तेव्हा मात्र ते बोलले. "ही नको काढू. बिना स्टेपनीची गाडी म्हंजे काय गाडी हाय का?"

"आबा, चारशे मीटर जायचंय. चारशे!"

"मीटर बघून पंक्चर होतं का?"

दादाने कपाळाला हात लावला. स्टेपनी गॅलरीत गेली.

रेसला दोन महिने उरले असताना आम्ही गाडी निफाडकडच्या एका वजनकाट्यावर नेली. उसाचे ट्रक मोजतात तो काटा. काट्यावरचा माणूस खिडकीतून डोकावून म्हणाला, "ऊस कुठंय?" चाचांनी दादाला गाडीत बसवून आकडा बघितला. मग त्याला उतरवून मला बसवलं. काटा दहा-दहा किलोच्या हिशेबात दाखवायचा, आणि तो पन्नासने खाली आला. चाचांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. मग दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, वाईट नको वाटून घेऊ. या गाडीत सगळ्यात भारी सामान तूच हाय."

मला इतकं हसू आलं की काट्यावरून उतरता येईना. दादा हसला नाही. त्याने तीन आठवडे भात सोडला. वजन उतरलं दीड किलो, स्वभाव मात्र चांगलाच चढला. एका रविवारी सकाळी तो माझ्यापुढे किल्ली धरून उभा राहिला. "तू चालव," म्हणाला. वर्षभर हातांची सालटी काढून घेतली होती त्याने, आणि किल्ली अशी दिली जशी दळण आणायला पिशवी द्यावी. मी घेतली. खरं सांगायचं तर मला ती गाडी पहिल्या दिवसापासून चालवायची होती, आणि कुणी विचारलं नाही म्हणून मी आतल्या आत जळत होते. आता विचारलं तेही काट्याने. तरी म्हटलं, चालेल.

गाडी मला आबांनीच शिकवली होती. पाथर्डी फाट्याच्या पुढे तेव्हा रस्ते मोकळे असत. त्यांचं एकच चालायचं, "क्लच सोडायचा नाय, उचलायचा. भरलेली गाडी घाटात मागं न येता उचलता आली पाहिजे." दादाचं नेमकं उलटं. इंजिन पाच हजार फेऱ्यांवर किंचाळू दे आणि क्लचवरून पाय काढ. मी तसं केलं की पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरायची, धूर निघायचा आणि गाडी तिथेच. आबा लांब उभे राहून बघायचे आणि दर वेळी तोंड फिरवायचे. मग मी दादाचं आणि आबांचं मिसळलं. इंजिन साडेतीन हजारांवर ठेवायचं आणि क्लच उचलायचा, पण पटकन. गाडी न घसरता निघाली. चाचा नुसते म्हणाले, "हां. असं." दादाने घड्याळ बघितलं आणि पुन्हा बघितलं. त्या दिवसापासून मी नुसतं कमी वजन उरले नाही.

रेसच्या सकाळी आम्ही चौघं, मी गाडीतून आणि बाकीचे चाचांच्या टेम्पोतून, त्या धावपट्टीवर पोचलो. एरवी आसपासची माणसं तिथे मका वाळत घालायची. त्यामुळे आधी तासभर झाडू मारून दाणे काढावे लागले. मोठमोठ्या गाड्या आल्या होत्या. आमच्या गटात बाई अशी मी एकटीच होते. तपासणीवाल्याने गाडी आतबाहेर बघितली, आत सुटं काही पडलेलं नाही ना ते पाहिलं आणि दारावर नंबर चिकटवला. प्रत्येकाला दोन संधी होत्या. आम्ही चहा घेऊन आलो आणि मी रांगेत लागले.

पहिल्या संधीत दिवा हिरवा झाला, मी क्लच उचलला, गाडी निघाली. पण जड. काय सांगू, जशी कुणी मागून पदर धरलाय. तिसऱ्या गियरला मागे काहीतरी धप्पकन आपटल्यासारखंही झालं. अठरा पॉइंट चार. परत आले तेव्हा दादाचं तोंड उतरलं होतं. तो सरळ बॉनेट उघडायला लागला आणि ते जास्त लागलं. एक वर्ष, आणि माझ्या हातून गेलं, असंच मला वाटलं.

"मागे काहीतरी वाजतंय," मी चाचांना म्हटलं. चाचांनी डिकी उघडली.

आत स्टेपनी होती. तिच्याशेजारी जॅक, पाना, पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि टोचनाची, म्हणजे बंद गाडी ओढायची, दोरी. सगळं काथ्याने गच्च बांधलेलं, कॅन तेवढा निसटून आडवा पडलेला. टपावर सामान बांधताना मारतात तसल्या गाठी होत्या. आमच्या घरात तसली गाठ एकाच माणसाला येत होती. तपासणी झाल्यावर, आम्ही चहाला गेलो तेव्हा आबांनी गाडीत हे भरलं होतं. आदल्या रात्रीच गॅलरीतून काढून त्यांनी चाचांच्या टेम्पोत पोत्याखाली लपवलं होतं म्हणे.

दादाचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा आबांवर चढला. सगळ्यांसमोर. "वर्षभर मी वाटी वाटी वजन काढतोय, आणि तुम्ही हे? सरावाला मी चालवायचो तेव्हा तर काही नव्हतं ठेवलं!"

"तुझ्या वेळेला तू होतास," आबा म्हणाले. "आता पोरगी एकटी जाती. तिकडं टोकाला कोण हाय तिला?"

झालं. ते ऐकून माझाच पारा चढला. दया नाही आली, राग आला. म्हणजे मी पंक्चरची वाट बघत बसणारी! मी म्हटलं, "आबा, मला गाडी येते की नाही? तुम्हीच शिकवली ना?"

"येती."

"मग काढा हे सगळं."

आबांनी मान हलवली. "मी नाय काढणार. ज्याला काढायचंय त्यानं काढावं."

गाठी माझ्या नखांनी सुटेनात. दादाने कापायला पक्कड आणली तेव्हा आबांनी ती बाजूला केली, पुढे वाकले आणि एका ओढीत गाठ सोडली. कॅन, जॅक आणि बाकीचं चाचांनी उचललं. स्टेपनी आबांनी स्वतः उतरवली आणि माझ्याकडे न बघता ती ढकलत गर्दीत निघून गेले. दादा म्हणाला, "जाऊ दे, रुसलेत." मला भयंकर वाईट वाटलं. पण रांग पुढे सरकत होती आणि अजून आठ-दहा गाड्या गेल्या की पाळी माझी होती. मी सीटबेल्ट लावला.

दुसऱ्यांदा दिवा हिरवा झाला आणि गाडी अशी उचलली की माझं डोकं मागे आपटलं. पहिला, दुसरा, तिसरा. शेजारची गाडी मला दिसलीच नाही, पुढे की मागे तेही कळलं नाही. शेवटची पांढरी रेघ खालून गेली आणि मी पाय ब्रेकवर आणला. हळूहळू, आबांनी शिकवल्यासारखा. गाडी पार टोकाला, तारेच्या कुंपणापाशी जाऊन थांबली. लोक सगळे सुरुवातीला, अर्धा मैल मागे. इकडे कुणी नसायचं.

कुंपणापलीकडच्या पायवाटेवर आबा उभे होते. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, धाप लागलेली, चष्म्यावर धूळ. हातात स्टेपनी. चारशे मीटर, वर थांबायला लागतात तेवढे आणखी, त्या वयात त्यांनी ते चाक कडेकडेने ढकलत आणलं होतं. गाडीत नको ना, मग गाडी जिथे थांबणार तिथे.

मी दार उघडून उतरले. राग कुठल्या कुठे गेला. तेवढ्यात लांबून कर्ण्यावर आकडा ऐकू आला, सतरा पॉइंट आठ, आणि पाठोपाठ दादाची आरोळी.

"काय म्हणतोय तो?" आबांनी विचारलं.

"जमलं म्हणतोय, आबा."

"बरं झालं." त्यांनी स्टेपनी कुंपणाला टेकवून ठेवली, तारांमधून वाकून आत आले आणि गाडीभोवती फेरी मारली. एकेका टायरवर हात ठेवला. ते चांगलेच तापले होते, आबांनी हात काढला नाही. चौथ्यावरून उठले तेव्हा माझ्याकडे बघितलं.

"थांबली का नीट?"

"थांबली, आबा."

"मग झालं," ते म्हणाले. "चल, आता सावकाश चालव."