इटलीवाल्यांचा आडवा पाईप

हे मी सांगायचं नव्हतं. "मने, कुणापाशी बोलायचं न्हाई," असं बाळूकाकांनी मला बजावलंय, आणि ते सुद्धा अगदी परवा, मंगळवारी. तशी मी न बोलण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. हजेरीच्या वेळी माझं "हजर" फक्त पहिल्या बाकाला ऐकू जातं. पण लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे ना!

शिवाय आमच्या फुटबॉल क्लबचे किस्से धरणातल्या गाळासारखे आहेत. दरवर्षी थोडे थोडे साचतात, वरून काही कळत नाही, आणि पाणी खाली गेलं की पाय ठेवायला जागा उरत नाही! मंगळवारचा किस्सा सगळ्यात शेवटी सांगते. आधीचे माहीत नसतील तर त्याची गंमत कळायची नाही.

*

आमचं गाव भाटघर धरणाच्या पाण्याकाठी. फुटबॉल खेळण्याएवढी सपाट जागा इथं एकच, आणि ती वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की ती उघडी पडते. आजूबाजूच्या गाळात लोक पेरतात. इथं नुसता मुरूम, म्हणून ती क्लबला मिळाली.

क्लब काढला बाळूकाकांनी. ते माझे चुलते, आणि लग्नकार्यातले आचारी. त्याआधी ते जहाजावर स्वयंपाकी होते आणि मग इटलीतल्या एका गावात हॉटेलच्या किचनमध्ये. तिथून ते फुटबॉलचं वेड घेऊन परतले. म्हणून आमच्या टीमला सगळे 'इटलीवाले' म्हणतात.

गोलपोस्ट म्हणजे जुन्या पाणीयोजनेचे लोखंडी पाईप. पावसाळ्याआधी ते काढून ठेवायचे का, असं कुणीतरी पहिल्या वर्षी विचारलं. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच. पोहून कुठं जात्यात?"

तेव्हापासून एक नियम पडला. शिमग्याच्या सुमाराला पाणी उतरायला लागलं की सगळ्यात आधी गोलचा आडवा पाईप वर येतो. तो ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं काठावरून "दिसला!" म्हणून ओरडायचं. तो त्या वर्षीचा कॅप्टन. मतदान नाही, वशिला नाही!

एका वर्षी तो दिसला हौसाआजीला. आजी आमच्या शेजारची, म्हशी पाण्यावर घेऊन गेली होती. पोरं म्हणाली, हे धरायचं नाही. काका म्हणाले, "नियम म्हंजे नियम."

आणि खरंच, कामथडीची टीम आली तेव्हा त्यांच्या कॅप्टनशी हात मिळवायला हौसाआजी मैदानाच्या मधोमध! डोक्यावर पदर, हातात म्हशींची काठी. कामथडीचा कॅप्टन धक्क्यानं नमस्कारच करायला वाकला. आजी त्याला म्हणाली, "पोरा, हारलास तर जेवून जा. जिकलास तर तसाच जा."

सकाळपासून काकांच्या मटणाचा वास मैदानभर सुटलेला होता.

कामथडीवाले हरले. पोटभर जेवून गेले. ते खरंच हरले का, यावर आमच्यात अजून भांडणं होतात!

*

काकांनी इटलीहून एक पोतं आणलं होतं. त्यात तिथल्या क्लबचे जांभळट शर्ट होते, अगदी अस्सल. पोरांनी ते हावरटासारखे बाहेर ओढले आणि एकमेकांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. सगळ्या शर्टांवर नऊ नंबर! आणि सगळ्यांवर एकाच खेळाडूचं लांबलचक नाव!

"लई मोठा खेळाडू व्हता त्यो," काका म्हणाले. "आकरा जण झाले तर वाईट हाय का?"

रेफ्री म्हणून भोरचे एक पीटीचे सर यायचे. शिस्तीचे एकदम कडक. पहिल्याच सामन्यात आमच्या सागरदादानं एकाला आडवं पाडलं. सरांनी शिट्टी मारली, लाल कार्ड वर केलं आणि जोरात म्हणाले, "नऊ नंबर, बाहेर!"

आमची अख्खी टीम मैदानाबाहेर जाऊन बाभळीखाली बसली.

सर आधी चिडले, मग हसले, मग अक्षरशः विनवण्या करायला लागले. तोपर्यंत सागरदादा नक्की कोणता, हे ते विसरून गेले होते!

*

हा पुढचा किस्सा माझ्यामुळे घडला.

गेल्या वर्षी मला आईचा मोबाईल वापरायला मिळायला लागला. मी सहज काकांच्या त्या इटलीच्या क्लबचं नाव टाकलं आणि जे वाचलं ते पुन्हा पुन्हा वाचलं. क्लब दिवाळखोरीत जाऊन कधीच बंद पडला होता! आमच्या गावातली पोरं इतकी वर्षं ज्याच्या नावानं छाती पुढं काढत होती, तो क्लब शिल्लकच नव्हता!

मी कुणाला सांगितलं नाही. नुसता मोबाईल काकांच्या पुढे धरला. ते ओट्यावर कांदा चिरत होते, आणि हौसाआजी लसूण सोलत होती.

"ठावं हाय मला," काका मान वर न करता म्हणाले. "म्या तितंच व्हतो की तवा. पगार थकले तसा त्यो नऊ नंबरवाला पयला पळाला. त्याचे शर्ट कोण घेणार? दुकानाच्या दारात ढीग पडला व्हता. त्यातलंच ह्ये पोतं."

मी थक्क. म्हणजे आमच्या टीमच्या अंगावर बुडालेल्या क्लबचे, पळालेल्या माणसाचे शर्ट!

काकांनी मग सगळंच सांगितलं. त्यांच्या हॉटेलातला म्हातारा आचारी रविवारी खुर्ची घेऊन मैदानाच्या गेटपाशी जाऊन बसायचा. गेटला कुलूप, आत कुणी नाही. मॅचची वेळ संपली की खुर्ची उचलून परत. मग गावातल्याच लोकांनी नवा क्लब काढला. पण त्यांना नाव बदलावं लागलं, कारण जुनं नाव लिलावात निघालं होतं.

"नाव इकलं?" हौसाआजीच्या हातातला लसूण खाली पडला. "आता गं बया! मान्साचं नाव कुणी इकतं व्हय?"

"इकत्यात तिकडं. आन् नव्या क्लबला पार खालच्या पायरीवर टाकला. खेडेगावांच्या टीमसंगं खेळायचं. पर आजी, पयल्या मॅचला सगळं गाव आलं. मोठ्या क्लबाला जेवढी मान्सं यायची, तेवढीच. मैदानाच्या भिंतीवर चढून बसली. त्यो म्हातारा खुर्ची घेऊन सगळ्यात म्होरं. लोकं रडत व्हती, गात व्हती."

माझ्या अंगावर काटा आला. मी हळूच विचारलं, "मग काय झालं, काका?"

"मग काय, हारले की!"

*

आता आमचा क्लब कसा बुडाला ते.

आमची पोरं एकेक करून शिरवळकडच्या कंपन्यांमध्ये लागली. कुणाला शिफ्ट, कुणाला ओव्हरटाईम. गेल्या मे महिन्यात वेल्ह्यातल्या पासलीची टीम आली. डोंगरातली भात लावणारी पोरं, टेम्पोत उभी राहून आलेली. आणि आमच्याकडे शर्ट अकरा, माणसं निम्मी!

सागरदादासुद्धा आला नाही. काका रस्त्याकडे बघत उभे होते. शेवटी पासलीचा कॅप्टनच म्हणाला, "काका, आमची जादाची पोरं घ्या उसनी. पर खेळू. येवढ्या लांबनं आलोय."

त्या उसन्या पोरांतल्या एकानं गोल मारला. गोलात पासलीचा कीपर होता त्याचाच सख्खा भाऊ! तो चेंडू काढता काढता ओरडला, "आरं, घरचाच हायेस ना तू?"

"आज न्हाई!" हा म्हणाला.

आम्ही जिंकलो. सगळे हसत होते, पासलीवालेसुद्धा. फक्त काका हसले नाहीत. त्यांनी घामानं भिजलेले शर्ट गोळा करून पोत्यात भरले आणि पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं.

"आपला गोल आपल्या मान्सानं मारला न्हाई," ते म्हणाले. "क्लब बंद."

जिंकून बंद पडलेला क्लब जगात दुसरा नसेल!

सगळ्यांना वाटलं, राग आहे, उतरेल. पण दुसऱ्या दिवशी काका लोखंड कापायची करवत घेऊन मैदानाकडे गेले. संध्याकाळी परत आले. आईनं दारातच विचारलं, "भावजी, कापले का हो पोल?"

"झालं काम," म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी पाणी घातलं. त्यांच्या नखांत तांबडं काहीतरी अडकलं होतं. गंज असेल, असं मला वाटलं.

मग पाऊस लागला आणि मैदान पाण्याखाली गेलं.

*

या वर्षी शाळेत आमच्या मॅडम म्हणाल्या, मुलींची फुटबॉल टीम पाठवायची आहे. शाळेचं अंगण कबड्डीपुरतं. नववीच्या आम्ही सगळ्या मुली काकांकडे गेलो. मी सगळ्यात मागे. बोलायचं काम माझ्या मैत्रिणीचं, तनुजाचं. ती कुणाला घाबरत नाही.

काका भोरमधल्या एका लग्नाच्या मांडवामागे आमटी करत होते.

"काका, क्लब परत सुरू करा," तनुजा म्हणाली.

"बंद हाये."

"म्हणूनच म्हणतोय सुरू करा!"

"पोल कापलेत. पाण्याच्या तळाला नवं पोल लावाया पाणबुडी मागवू का? आन् खेळणार कोण?"

"आम्ही."

काकांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गोलकीपर कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"ही?" काका म्हणाले. "गोलकीपरला मागनं सगळ्या टीमला वरडावं लागतं. हिचा आवाज घरात आमाला ऐकू येत न्हाई! जावा. आडवा पाईप दिसला की या."

मांडवातले सगळे हसले. पाईप कापलेला, दिसणार कुठून? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरात काका माझी चेष्टा करतात, पण अशी चारचौघांत कधी केली नव्हती. मला खरंच गोलकीपर व्हायचं होतं. तेवढी एकच जागा आहे, जिथं उभं राहून सगळं नीट बघता येतं.

इटलीचा तो किस्सा मी तनुजाला सांगितला होता. ती वळता वळता म्हणाली, "तिकडं खालच्या पायरीवरनं परत खेळले म्हणून आम्हाला रडवता, आणि इथं एका मॅचवरनं रुसून बसता होय?"

काका नुसतेच डाव फिरवत राहिले.

त्या लग्नातल्या आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. बाळूकाकांच्या हातून, आयुष्यात पहिल्यांदा! मांडवात पंगतीला बसलेल्या लोकांना जो धक्का बसला, त्याची चर्चा पार वेल्ह्यापर्यंत गेली.

*

आता मंगळवार.

शाळा सुटल्यावर मी एसटीतून फाट्यावर उतरले आणि नेहमीसारखी काठाकाठानं घरी निघाले. काका पाण्यापाशी उकिडवे बसून लग्नातलं मोठं पातेलं घासत होते. पाण्याकडे त्यांची पाठ होती. पाण्याकडे पाठ करून भांडी कोण घासतं? मला जरा विचित्रच वाटलं.

मी पाण्याकडे बघितलं. लांब पाण्यावर पाणकावळे बसले होते. पाणकावळे काही नवीन नाहीत. पण ते पोहत नव्हते. पंख पसरून उन्हात वाळवत, एका ओळीत बसले होते. शाळेच्या प्रार्थनेला आम्ही उभ्या राहतो ना, त्यापेक्षाही सरळ ओळीत. आणि त्यांच्या पायांखाली नुसतं पाणी!

पाण्यावर कुणी असं बसू शकत नाही.

"मने," काका मागे न वळताच म्हणाले, "काय दिसतंय का गं?"

"दिसला," मी म्हटलं.

"काय म्हन्लीस? भांड्याचा लई आवाज येतोय."

पण त्यांचा हात थांबलेला होता. घासणी पातेल्यातच पडली होती. भांड्याचा काहीही आवाज येत नव्हता!

"काका, दिसला."

"न्हाई बा ऐकू येत."

मग मला काय झालं, मला माहीत नाही. मी दप्तर खाली टाकलं, डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "दिसलाऽऽऽ!"

आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. तो माझा आहे, यावर माझाच विश्वास बसेना! वरच्या वाटेवरची कुत्री भुंकायला लागली. डोळे उघडले तर पाणकावळे एकदम उडाले होते, आणि ते बसले होते तिथं पाण्यावर आडवी रेघ उरली होती. गंजलेली नाही. आमच्या शाळेच्या खिडक्यांच्या गजांना लावतात तसा तांबडा रंग दिलेली.

काका उठले. बाजूच्या झाकणाखाली त्यांनी घडी घालून काहीतरी जांभळट ठेवलं होतं, ते माझ्या खांद्यावर टाकलं. नऊ नंबर.

"कुणापाशी बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "पाणी आजून खाली जाऊ दे."

इतकं ओरडायला लावून वर म्हणतात, बोलायचं न्हाई! मला हसावं की रडावं कळेना. पण एक गोष्ट मला विचारायचीच होती. मी म्हटलं, "काका, पण तुम्ही तर त्या दिवशी करवत घेऊन..."

थांबा, बाहेरून हौसाआजी हाका मारतेय. "अगं ए कॅप्टन! लिवत काय बसलीस? पोरी कवाधरनं पाण्यापाशी जमल्यात, आन् तुजा काका पोतं सोडून बसलाय!"

आले आजी, एवढं एकच वाक्य. तर काकांनी पातेलं डोक्यावर घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मने, त्या दिशी म्या हितं आलो, आन् त्या पाईपाला करवत लावायच्या जागी...